सेकंडहँड पिकअप घेताना मीटर नंतर वाचा, आधी डाला बघा

सेकंडहँड पिकअप बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा दार उघडतो आणि मीटर वाचतो. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो आकडा त्याने आधीच तुमच्या मनासारखा करून ठेवलेला असू शकतो. कारच्या बाबतीत किलोमीटरला थोडा तरी अर्थ असतो. पिकअपचं तसं नाही. तिचं आयुष्य ठरतं ते पाठीवर काय लादलं गेलं त्यावर. इंदूरच्या चोइथराम मंडीत पाच वर्षं बटाटा-कांदा ओढलेली ऐंशी हजार किलोमीटरची गाडी एका बाजूला आणि सियागंजातून बिस्किटं, साबण, चहापत्ती घेऊन गावोगाव फिरलेली दीड लाखाची दुसऱ्या बाजूला असेल, तर दुसरी आधी बघायला जावं.

म्हणून सुरुवात डाल्यापासून. महाराष्ट्रातले लोक हौदा म्हणतात, आपल्या इंदुरात डालाच. फाळका पाडा, रबरी मॅट किंवा पत्र्यावर टाकलेला प्लाय उचला. विकणारा "खाली काही नाही, राहू द्या" म्हणाला तर जरूर उचला.

लोहामंडीत सळया वाहिलेली गाडी लगेच ओळखू येते. सळई बारा मीटरची येते, दुमडली तरी सहा मीटर, आणि डाला असतो आठ ते दहा फुटांचा. म्हणजे निम्मा माल मागे लोंबकळतो नाहीतर केबिनवरून पुढे येतो. केबिनच्या मागच्या पत्र्यावर किंवा जाळीवर पोचे, फाळक्याच्या बिजागरीची भोकं लांबट झालेली, डाल्याच्या मागच्या कडेला घासून झालेल्या खाचा, या तीन खुणा एकत्र दिसल्या की गाडी सळईचीच. मागे लोंबणारं वजन मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे पडतं, त्यामुळे चेसिसचं शेपूट खाली वाकतं आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हवेत गेल्यासारखं वाटतं.

रेती-गिट्टीचा हिशेब तर सरळ गुणाकाराचा आहे. डाला अडीच मीटर लांब, एक मीटर सत्तर सेंटीमीटर रुंद आणि फाळका चाळीस सेंटीमीटर उंच धरला तर १.७ घनमीटर जागा होते. कोरडी रेती घनमीटरला साधारण १,६०० किलो भरते. काठोकाठ भरली की झाले २,७०० किलो, आणि गाडी दीड टनाची! बांधकामाच्या साइटवर कुणी अर्धा डाला भरून पाठवत नाही. डाल्याचा तळ खालून पोट सुटल्यासारखा दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे झुकला असेल, तर ही गाडी त्या कामावर होती.

दूध, मासळी, मीठ आणि खत वाहणाऱ्या गाड्यांना वजनापेक्षा गंज खातो. पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) घेऊन डाल्याच्या कोपऱ्यांत, चाकांच्या वरच्या कमानीत आणि केबिनच्या पायदानात टोचून बघा. टोक आत गेलं की तिथे पत्रा उरलेला नाही, फक्त रंग आणि पुट्टी आहे. पिण्याच्या पाण्याचे जार वाहणारी गाडी दिसायला स्वच्छ असते, पण वीस लिटरचे शंभर जार म्हणजे दोन टन, आणि ते रोज, तेही ओले.

चांगल्या कुळातल्या गाड्या म्हणजे किराणा, बेकरी, औषधं, कपडे आणि तंबू-कनातवाल्यांच्या. तंबूचा माल दिसतो मोठा, वजनाला मध्यम. या गाड्या हंगामाबाहेर उभ्याच असतात, त्यामुळे चेसिस ठणठणीत पण टायरना चिरा, बॅटरी मेलेली, ब्रेकचे सिलिंडर धरलेले असं सापडतं. ते दुरुस्त होणारं आहे. कुरिअरच्या बंद बॉडीच्या गाड्याही बघण्यासारख्या, फक्त दिवसातून साठ वेळा थांबून-निघून क्लच, स्टार्टर आणि ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी संपलेली असते.

डाल्यावरून अंदाज आला की गाडीखाली शिरा. अंगावरचे कपडे खराब होतील असेच घालून जा. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवरून हात फिरवत पुढून मागे या. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट जिथे चेसिसला जोडलेले असतात तिथे, आणि केबिन संपून डाला सुरू होतो तिथे, तडे आधी जातात. वेल्डिंगचा जाड ओबडधोबड मणी, वरून मारलेली लोखंडी पट्टी किंवा एवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला तर गाडी सोडून द्या, भाव कितीही उतरवला तरी. कारखान्यातून आलेली चेसिस सगळीकडे सारखी मळकी असते. मग बाजूला उभं राहून केबिन आणि डाला यांच्यातली फट बघा. वर-खाली सारखी हवी. वर कमी आणि खाली जास्त असेल तर चेसिस मधोमध खचलीय. शंका आली तर टेप घ्या. पुढच्या डाव्या पाट्याच्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत तिरपं माप घ्या, मग उलटं. अर्ध्या इंचाहून जास्त फरक म्हणजे गाडी कधीतरी मोठी धडकलेली आहे.

पाटे मोजा, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे. मूळ किती होते ते कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर कळतं. एक-दोन पाटे वाढवलेले असतील तर मालकाने स्वतःच ओव्हरलोडची कबुली दिली असं समजा. वाढीव पाट्याने गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही, फक्त खाली बसणं थांबतं. चेसिस, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळं पूर्वीचंच.

आणि इथे एक गोष्ट आहे जी निम्म्या मिस्त्रींनाही सुचत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवरून चेसिसवर एक छोटी दांडी जाते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. डाला किती खाली बसलाय यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना किती दाब द्यायचा ते ठरवतो. रिकामी गाडी उंच असते म्हणून दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा उंचच राहते. व्हॉल्व्हला वाटतं डाला रिकामा आहे. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि खलघाटकडे घाट उतरताना पुढचे पॅड जळून वास सुटतो. दांडी जागेवर आहे का, तारेने बांधून ठेवलीय का, गंजून अडकलीय का, हे डोळ्यांनी दिसतं.

आता इंजिन. भेटीची वेळ सकाळी सातची घ्या, पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी जमायच्या आत. पोचल्याबरोबर बॉनेट उघडून एक्झॉस्टच्या पाइपाजवळ हात न्या. गरम असेल तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंडीत सुरू व्हायला कुरकुर करणारी आहे. परत दुसऱ्या दिवशी या.

चावी फिरवून स्टार्ट करायच्या आधी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर दिवा काढून टाकलाय किंवा वायर कापलीय. हे सर्रास करतात.

सुरू झाल्यावर धूर बघा. पहिल्या काही सेकंदांचा पांढरट धूर थंडीत चालतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत असेल आणि कूलंटच्या डब्यात बुडबुडे उठत असतील तर हेड गॅस्केट गेलंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगांमधून किंवा टर्बोमधून. जोरात रेस केल्यावर काळा येतो तो बहुतेक वेळा एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज किंवा इंजेक्टर यांचा, आणि यातल्या पहिल्या दोन गोष्टी स्वस्तातल्या.

गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढा आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. नाचलं किंवा उडून पडलं तर सिलिंडरचा दाब खाली येतोय, इंजिन बांधायला आलंय. ऑइलचा गजही बघा. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ते कुणी जास्त टाकलेलं नसतं. सायलेन्सरमधला डीपीएफ नावाचा काजळीचा फिल्टर साफ होताना इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती सफाई पूर्ण होण्याआधीच गाडी बंद केली जाते आणि ते डिझेल ऑइलमध्ये झिरपतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या डिझेल गाडीत डीपीएफ आणि काहींत त्याबरोबर धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकीही सापडेल. राजवाडा ते पाटनीपुरा अशा दिवसभराच्या तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या असतील, तर हे पाहून मग ठरवा. हायवेवर रोज तासभर पळणाऱ्या गाडीला डीपीएफचा त्रास सहसा होत नाही. सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. बीएस-६ गाडीच्या नळीत दाट काळी काजळी लागली तर फिल्टर आतून फोडून काढलाय किंवा चिरलाय.

कॉमन रेल इंजिनला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं त्याला, इंजेक्टर हा सगळ्यात महागडा धोका. मिस्त्रीला रिटर्न टेस्ट करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या पारदर्शक बाटलीत सोडायची आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायचं. बाटल्यांमधली पातळी जवळपास सारखी हवी. एकीत दुप्पट भरलं तर तो इंजेक्टर संपत आलाय, आणि एक गेला की बाकीच्यांचाही नंबर लांब नसतो.

जुन्या डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. अल्टरनेटर तेलाने माखलेला दिसला तर ते तिथून येतंय, आणि तेच तेल अल्टरनेटरच्या आत शिरून त्यालाही जाळतं. ब्रेकचा बूस्टर तपासायला इंजिन बंद करून ब्रेक चार वेळा दाबा, पाय दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे. जागचं हललं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही.

चालवून बघताना रिकामी गाडी चालवणं म्हणजे वेळ घालवणं. विकणाऱ्याला सांगून एक टन माल टाका, सिमेंटच्या वीस गोण्या पुरतात. तेजाजी नगरवरून खंडवा रोड धरा, सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरा आणि परत चढा. या एका फेरीत जे कळतं ते गॅरेजमधल्या दोन तासांत कळत नाही. चढताना तापमानाचा काटा मधेच थांबायला हवा. चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली आणि इंजिनचा आवाज वाढला पण गाडी तेवढी वाढली नाही, की क्लच घसरतोय. उतारावर रेस सोडून गाडी गिअरवर धरा. गिअर स्वतःहून निसटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावी लागणार. दुसऱ्या गिअरला उतरताना कर्र होणं हा सिंक्रोचा (गिअर जुळवणाऱ्या कड्याचा) नेहमीचा रोग, तो एकट्याने असेल तर भावात धरा.

मागून घोंघाव येत असेल तर रेस देताना आणि सोडताना वेगळं ऐका. रेस दिल्यावर येतो आणि सोडल्यावर बंद होतो, किंवा उलट, तर क्राउन-पिनियन (मागच्या डिफरन्शियलमधले दाते). रेसशी संबंध नसेल, फक्त वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग. गाडी निघताना पोटाखालून एकच "टक्" झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, जो बदलणं सोपं आहे.

टायरवर आठवडा आणि वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर खाच कितीही खोल असली तरी मालाच्या गाडीला नको. नवा दिसतो पण बाजूची भिंत जुनी चिरलेली आहे, म्हणजे रबर चढवलेला.

मग मीटरकडे या, आता त्याचा उपयोग आहे. धंद्यातली गाडी दिवसाला शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस धरली तरी वर्षाला तीस हजार होतात. पाच वर्षांच्या गाडीला पंचावन्न हजार दाखवत असेल तर एकतर ती खरंच उभी होती, तंबूवाल्यासारखी, किंवा मीटर मागे फिरवलंय. पेडलचं रबर, गिअरच्या मुठीवरचे आकडे आणि ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड खोटं बोलत नाहीत. नवंकोरं पेडल रबर आणि झिजलेलं पेडल एकत्र दिसलं तर काय ते समजा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही इंदुरी धरमकाट्यावर शंभरेक रुपयांत होते आणि ती कुणी करत नाही. गाडी रिकामी तोलून घ्या. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं. समजा आरसीवर रिकामं १,७०० किलो आहे आणि काट्यावर १,९५० आलं. वाढवलेला लोखंडी सांगाडा, जाड पत्रा, जास्तीचे पाटे मिळून अडीचशे किलो तुमच्या मालाच्या वाट्यातून गेले. प्रत्येक फेरीत पाच गोण्या कमी, कायमच्या.

कोणती गाडी, या प्रश्नाला माझं उत्तर थोडं रूक्ष आहे: जिचा सुटा भाग तुमच्या मिस्त्रीकडे संध्याकाळपर्यंत येतो ती. बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं चार सिलिंडर इंजिन माळव्यातल्या कुठल्याही गावात उघडता येतं, म्हणून तिचा जुना भावही चढा राहतो. टाटा योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन घाटात जास्त मोकळं वाटतं, आणि तितकीच चांगली अवस्था असेल तर ती स्वस्तात मिळू शकते. इसुझू डी-मॅक्सचं अडीच लिटरचं इंजिन दणकट, केबिन सगळ्यांत आरामशीर, पण भागासाठी थांबायची तयारी हवी. रोजचा माल टन-सव्वा टनच असेल तर मोठ्या गाडीचा हट्ट सोडून अशोक लेलँडची दोस्त किंवा टाटाची इन्ट्रा व्ही-३० बघा. दोन्हींची इंजिनं दीड लिटरची, दोस्तचं तीन सिलिंडरचं. सीएनजी गाडी असेल तर टाकीच्या चाचणीचा दाखला मागा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

कागदांत पहिल्यांदा चेसिस नंबर. कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मग एम-परिवहन ॲपवर फिटनेस, विमा, टॅक्स, प्रदूषण आणि बँकेचा बोजा तपासा, ई-चलन वेगळं बघा. मालाच्या गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी लागतं. सातव्या वर्षातली गाडी घेताना हे लक्षात असू द्या. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. आरसीवरचा हा एक आकडा वर्षभराचा खर्च बदलतो.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. बोजा असलेल्या गाडीचे पूर्ण पैसे "एनओसी आठ दिवसांत देतो" यावर देऊ नका. फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली लिलावातली गाडी स्वस्त असते, पण तिथे आरसी आधी फायनान्सरच्या नावावर झालीय का हे विचारा, त्याचा फॉर्म ३६. चालवून बघू देत नाहीत, म्हणून वर लिहिलेली डाल्याची आणि चेसिसची तपासणी तिथे दुप्पट काळजीने करा.

आपल्याकडे बऱ्याच जणांचे सासर-माहेर जळगाव-धुळ्याकडे, त्यामुळे "मामांची गाडी आहे, घेऊन टाक" असे प्रस्ताव येत असतात. एमएच १९ किंवा एमएच १८ची गाडी एमपी ०९ करायची तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८वरची एनओसी, मग नायता मुंडल्याच्या इंदूर आरटीओत नवी नोंदणी आणि इथला टॅक्स, हा खर्च भावातून वजा करूनच मामांशी बोला. दिल्लीकडून आलेल्या दहा वर्षांच्या आसपासच्या डिझेल गाड्या तिथल्या वयाच्या निर्बंधांमुळे इकडे स्वस्तात येतात. कागद नीट असतील तर त्यात गैर काही नाही, पण तपासणी तीच.

विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून फरकाची रक्कम भरावी लागेल. आणि जे विकताहेत त्यांनीही ऐकावं: आरसीवर नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी देऊन मोकळं होता येत नाही. जुना फास्टॅगही विकणाऱ्याने बंद करायचा, नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून कटत राहील आणि रोज फोन येतील.

किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवून मगच सौदा करा. ती पहिल्या महिन्यातच लागते. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल आणि एअर फिल्टर, बेल्ट, एवढं सगळं एकाच वेळी बदलून तारीख आणि किलोमीटर दाराच्या आत मार्करने लिहून ठेवा. डीपीएफवाल्या गाडीत कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल घाला. साधं स्वस्त ऑइल डीपीएफला कायमचं बुजवतं, कारण राख जळत नाही. डिफरन्शियलचा तळाचा बोल्ट काढल्यावर त्याच्या चुंबकाला चिकटलेलं बारीक काळं पीठ नेहमीचं. चमकणारे तुकडे आले तर पिनियन उघडून घ्या, रस्त्यात थांबायची वाट बघू नका.

वाढवलेले पाटे काढून मूळ संख्येवर आणा आणि ब्रेकच्या त्या दांडीचं माप नव्याने लावून घ्या. पाट्यांचं काम झालं की पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट माल भरलेल्या अवस्थेत पुन्हा आवळायचे असतात. मिस्त्री सांगत नाही, कारण त्यासाठी वेगळे पैसे मिळत नाहीत.